चुलीचा जमाखर्च : घरगुती इंधन, शासनाचा खर्च आणि संसदेची देखरेख



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी आम्हांला जमाखर्च शिकविला. उत्तर बरोबर आले म्हणजे गुण द्यावेत, अशी त्यांची पद्धत नव्हती. ताळेबंद जुळलेला असला तरी ते वहीतील एखाद्या रकमेवर बोट ठेवीत आणि विचारीत, "ही इथे कुठून आली? कोणत्या खात्यातून उचललीस?" उत्तर देता आले नाही तर जुळलेल्या ताळेबंदावरही काट मारली जाई. पुढे आयुष्यभर मी लेखापरीक्षणाचेच काम केले, आणि त्या धंद्याचे सारे मर्म या एका प्रश्नात असल्याचे मला वेळोवेळी आढळून आले. आज तोच प्रश्न मी आपल्या घरातील गॅसच्या सिलिंडरला विचारणार आहे.

बडोद्याच्या माणसाला हा विषय परका नाही. १९६० साली अंकलेश्वरला तेल लागले आणि १९६५ मध्ये शहराच्या वेशीवर कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. देशातील बहुतेक शहरे रांगेत उभी राहून सिलिंडर आणीत होती, त्या काळात आपल्या गावात महानगरपालिकेने नळाने गॅस पुरविण्यास आरंभ केला होता. सभागृहातील ज्येष्ठांना कोळशाची वखार, बंब आणि पिन मारून पेटवावा लागणारा स्टोव्हही आठवत असेल. इंधन बदलले, भांडी काळी होणे थांबले. परंतु एक गोष्ट बदलली नाही. स्वयंपाकाच्या इंधनाची जी किंमत आपण देतो ती क्वचितच त्याची खरी किंमत असते. कधी ती कमी असते, कधी अधिक. आणि या दोहोंतील अंतर कोणीतरी, कुठेतरी, केव्हातरी भरून काढीत असतो. ते अंतर कोणत्या वहीत लिहिले जाते आणि ती वही उघडून पाहण्याचा अधिकार कोणाला आहे, एवढाच आजचा विषय.

प्रथम किंमत कशी ठरते ते पाहू. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. देशाला लागणाऱ्या या गॅसपैकी सुमारे ६० टक्के गॅस परदेशांतून येतो. त्यामुळे देशात तयार होणाऱ्या गॅसची किंमतही आयात करावा लागला असता तर काय पडला असता, या हिशेबाने धरली जाते. तिचा पाया म्हणजे सौदी अरेबियाची तेल कंपनी दर महिन्यास जाहीर करीत असलेला भाव. त्यावर जहाजाचे भाडे, विमा, बंदराचा खर्च, बाटलीभरणी, वाहतूक, वितरकाचे कमिशन आणि कर चढतात. सारा व्यवहार डॉलरमध्ये असल्याने रुपया घसरला की भाव न वाढताही सिलिंडर महागतो. एप्रिल २०२० मध्ये हा सौदी भाव टनाला सुमारे २३५ डॉलर होता; एप्रिल २०२२ मध्ये तो सुमारे ९५० डॉलर झाला. दोन वर्षांत चौपट! एवढा चढउतार जसाच्या तसा स्वयंपाकघरात सोडणे कोणत्याही शासनाला परवडणारे नाही. म्हणून शासन मध्ये उभे राहते, आणि ते योग्यच आहे. शासनाने मध्ये उभे राहावे की नाही, याविषयी माझा वाद नाही. उभे राहिल्यावर त्याचा खर्च ते कुठे लिहिते, एवढेच मला पाहावयाचे आहे.

आपल्या राज्यघटनेने शासनाच्या खर्चावर देखरेख ठेवण्याची जी व्यवस्था केली आहे ती सर्वस्वी एका तिजोरीभोवती गुंफलेली आहे. तिला भारताचा एकत्रित निधी असे म्हणतात. त्यातून एक रुपया काढावयाचा तर अनुच्छेद ११२ प्रमाणे तो वार्षिक वित्तीय विवरणात दाखवावा लागतो, अनुच्छेद ११३ प्रमाणे लोकसभेकडे अनुदानाची मागणी करावी लागते आणि अनुच्छेद ११४ प्रमाणे विनियोजनाचा कायदा संमत करून घ्यावा लागतो. खर्च झाल्यावर नियंत्रक व महालेखापरीक्षक त्याची तपासणी करतात, आणि त्यांचा अहवाल संसदेपुढे आल्यानंतर लोकलेखा समिती अधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारते. या समितीत लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ असे २२ सदस्य असतात. १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाच्या सदस्याकडे देण्याचा प्रघात पडला. त्याचा पहिला मान आपल्या गुजरातेतून, राजकोटहून निवडून गेलेल्या मिनू मसानी यांना मिळाला.

याच संदर्भात आपल्या गावाचे आणखी एक नाव घेतले पाहिजे. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांचा जन्म १८८८ साली बडोद्याचा. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंग्याचे. ते सभापती असतानाच, एप्रिल १९५० मध्ये, अंदाज समिती अस्तित्वात आली. लोकलेखा समिती झालेल्या खर्चाचा हिशेब घेते. अंदाज समितीने व्हावयाच्या खर्चाकडे काटकसरीच्या दृष्टीने पाहावे अशी कल्पना होती. पुढे १९६४ मध्ये सार्वजनिक उपक्रम समिती आणि १९९३ मध्ये मंत्रालयवार स्थायी समित्या आल्या. आज पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्रालयासाठी ३१ सदस्यांची स्वतंत्र स्थायी समिती आहे. ती दरवर्षी मंत्रालयाच्या मागण्या तपासून अहवाल देते. वेळेच्या अभावी लोकसभेत बहुसंख्य मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना, एकगठ्ठा मंजूर होतात. तेव्हा खरी विचारपूस जी काही व्हावयाची ती या समितीतच.

व्यवस्था कागदावर चोख आहे. तिची अडचण अशी की ती तिजोरीच्या दारावर पहारा करते. जो पैसा त्या दाराने जातच नाही तो तिला दिसत नाही. आणि घरगुती इंधनाचा पैसा कित्येक वर्षे त्या दाराने गेलाच नाही.

सत्तरीच्या दशकात तेलाचा भडका उडाल्यानंतर देशात प्रशासित किमतींची पद्धत आली. १९७५ मध्ये तेल समन्वय समिती नेमली गेली आणि तिच्याकडे एक सामायिक खाते सोपविण्यात आले. त्यास तेल पूल खाते म्हणत. पेट्रोल आणि विमानाचे इंधन महाग विकावयाचे, त्यावरचा अधिभार या खात्यात जमा करावयाचा, आणि रॉकेल व स्वयंपाकाचा गॅस स्वस्त विकून होणारी तूट या खात्यातून भरावयाची, अशी ती योजना होती. स्कूटरवाल्याने स्टोव्हवालीला मदत करावी, असे म्हणा ना. कल्पना वाईट नव्हती. परंतु हे खाते एकत्रित निधीच्या बाहेर होते. त्यातून कोणाला किती दिले यासाठी लोकसभेचे मत घ्यावे लागत नव्हते. अधिभार हा व्यवहारतः करच होता, पण तो करांच्या यादीत नव्हता. मदत हा व्यवहारतः खर्चच होता, पण तो खर्चाच्या यादीत नव्हता. खाते शिलकीत होते तोवर कोणी फारशी चौकशी केली नाही. नव्वदीच्या दशकाच्या मध्यास ते हजारो कोटींच्या तुटीत गेले, तेव्हा कुठे सर्वांचे लक्ष तिकडे वेधले. नोव्हेंबर १९९७ मध्ये ही पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले आणि १ एप्रिल २००२ रोजी खाते मिटले.

आता सारे अर्थसंकल्पात दिसेल, असे त्या दिवशी वाटणे स्वाभाविक होते. रॉकेल आणि गॅससाठी अर्थसंकल्पातून द्यावयाच्या अर्थसहाय्याची योजना २००२ मध्ये आखलीही गेली. परंतु काही वर्षांतच त्या योजनेखालील मदत सिलिंडरमागे २२ रुपये ५८ पैसे या आकड्यावर गोठली, आणि जगातला भाव मात्र वाढतच गेला. सिलिंडरच्या किमतीतील खरे अंतर शेकड्यांत गेले तरी अर्थसंकल्पातील योजनेत ते बावीस रुपयेच दिसे. उरलेल्या रकमेला एक नवे नाव मिळाले : अंडर-रिकव्हरी, म्हणजे अपुरी वसुली. हा तोटा नव्हे, हे ध्यानात घ्यावे. आयातीच्या हिशेबाने जी किंमत मिळावयास हवी होती आणि जी प्रत्यक्ष मिळाली त्यांतील तो फरक. प्रत्यक्ष उत्पादनखर्चाशी त्याचा संबंध असेलच असे नाही. त्यामुळे कोणी त्यास तोटा म्हणून अश्रू ढाळी, तर कोणी कागदी आकडा म्हणून झटकून टाकी. दोघांनाही आधार सापडे.

२००८-०९ चा हिशेब पाहण्यासारखा आहे. त्या वर्षी पेट्रोल, डिझेल, रॉकेल आणि गॅस मिळून अपुरी वसुली १ लाख ३ हजार २९२ कोटी रुपयांची झाली. त्यापैकी ३२ हजार कोटी तेल काढणाऱ्या सरकारी कंपन्यांनी सोसले आणि ७१ हजार २९२ कोटींसाठी सरकारने तेल कंपन्यांना रोखे दिले. रोखा म्हणजे पुढे पैसे देण्याचे वचन. रोख रक्कम हातची गेली नाही, म्हणून त्या वर्षीच्या वित्तीय तुटीत ही रक्कम धरली गेली नाही. मोजले गेले ते केवळ त्यावरील व्याज. घरोघरी गॅस जळला, त्यावर झालेला भात लोकांनी खाल्ला, आणि त्याचे बिल पंधरा-सोळा वर्षांनी येणार असे ठरले. २००५ ते २०१० या काळात असे सुमारे १ लाख ४२ हजार कोटींचे रोखे निघाले. फेब्रुवारी २०१० च्या अर्थसंकल्पीय भाषणात अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी ही वाट सोडून अर्थसहाय्य रोखीने देण्याचे धोरण सांगितले. ते चांगलेच झाले. परंतु निघालेले रोखे फेडावयाचे राहिलेच. २०२४-२५ या एका वर्षात त्यापोटी ५२ हजार ८६० कोटी रुपये द्यावयाचे होते. शेवटच्या रोख्यांची मुदत मार्च २०२६ ची. २००८ साली जे मूल आपल्या शाळेच्या बालवर्गात होते ते त्या वेळी कमावते होऊन कर भरू लागलेले असेल.

दुसरी वाटणीही पाहू : तेल काढणाऱ्या कंपन्यांनी सोसलेली. त्या आपले कच्चे तेल शुद्धीकरण कंपन्यांना सवलतीत विकीत. २०१२-१३ मध्ये, अपुरी वसुली १ लाख ६१ हजार २९ कोटींची असताना, सरकारने १ लाख कोटी दिले आणि या कंपन्यांनी ६० हजार कोटी सोसले. वरकरणी यात करदात्याचे काही गेले नाही. पण या कंपन्यांचा नफा घटला की सरकारला मिळणारा लाभांश घटतो, प्राप्तिकर घटतो, आणि जमिनीखालच्या तेलावर राज्याला मिळणारे स्वामित्वधनही घटते. या शेवटच्या मुद्द्यावरून गुजरात सरकार आणि तेल व नैसर्गिक वायू महामंडळ यांच्यात वाद झाला. स्वामित्वधन सवलतीच्या भावावर मोजावयाचे की सवलतीपूर्वीच्या? २०१३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने सवलतीपूर्वीचा भाव धरण्याचा आदेश दिला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. देशभरच्या सिलिंडरच्या स्वस्ताईचा एक हिस्सा अंकलेश्वर-मेहसाणा परिसरातील तेलाच्या स्वामित्वधनातून कापला जात होता, हे या खटल्यामुळे उघड झाले. असा निर्णय विधानसभेने घेतला नव्हता, संसदेनेही मतदानाने घेतला नव्हता. तो कंपन्यांच्या हिशेबातील एका ओळीने झाला होता.

रॉकेलाची कथा याहून कठोर आहे. रेशनचे रॉकेल गरिबाच्या दिव्यासाठी आणि स्टोव्हसाठी स्वस्त ठेवलेले असे. २०११ च्या आरंभी त्याचा भाव लिटरला बारा-तेरा रुपयांच्या आसपास आणि डिझेलचा चाळिसाच्या घरात होता. हे दोन पदार्थ एकमेकांत सहज मिसळतात. एवढे अंतर आणि एवढे साम्य असल्यावर काळा बाजार होण्यासाठी निराळ्या कारणाची गरज राहत नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ इंधनाच्या भेसळीची चौकशी करण्यास थांबले असता त्यांना जिवंत जाळण्यात आले. त्यापूर्वी २००५ मध्ये, उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यात, भेसळीविरुद्ध कारवाई करणारे इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांचा खून झाला होता. लेखापरीक्षणाच्या भाषेत आम्ही 'गळती' हा शब्द किती सहजपणे वापरतो! या दोन प्रसंगांनंतर तो शब्द उच्चारताना माझी जीभ अडखळते. पुढे २०१६ पासून रॉकेलाचा दर पंधरा दिवसांनी पंचवीस पैसे या गतीने वाढविला गेला आणि २०२०-२१ पर्यंत त्यावरचे अर्थसहाय्य संपले. एवढा मोठा बदल इतक्या शांतपणे क्वचितच झाला असेल.

गॅसच्या बाबतीत वळण आले ते मदत थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा करण्याच्या योजनेने. जून २०१३ मध्ये ती २० जिल्ह्यांत सुरू झाली, २०१४ च्या आरंभी स्थगित झाली, प्रा. एस. जी. धांडे यांच्या समितीने तिचा फेरविचार केला, आणि १ जानेवारी २०१५ पासून 'पहल' या नावाने ती देशभर लागू झाली. सिलिंडर बाजारभावाने घ्यावयाचा आणि फरक खात्यात जमा व्हावयाचा. जमाखर्चाच्या दृष्टीने ही पद्धत मला सर्वांत स्वच्छ वाटते. अंतर किती आणि ते कोणाला मिळाले, हे प्रथमच नावानिशी दिसू लागले. दुबार आणि बनावट जोडण्या त्यामुळे बंद पडल्या, हेही खरे.

परंतु योजना चांगली असली म्हणजे तिच्याविषयी सांगितला जाणारा प्रत्येक आकडा खरा असतो असे नाही. या योजनेमुळे वर्षाला सुमारे १५ हजार कोटी रुपये वाचले, असे सरकारतर्फे सांगण्यात येत असे. महालेखापरीक्षकांनी २०१६ च्या २५ व्या क्रमांकाच्या अहवालात या बचतीची फोड केली. एप्रिल ते डिसेंबर २०१४ मध्ये अर्थसहाय्यावर ३५,४०० कोटी खर्च झाले होते. पुढल्या वर्षी त्याच नऊ महिन्यांत १२,०८४ कोटी. म्हणजे २३,३१६ कोटींची घट. यापैकी २१,५५२ कोटींची घट सिलिंडरमागची मदत कमी झाल्याने होती, आणि ती कमी झाली होती जगात तेल स्वस्त झाल्यामुळे. मदतीच्या सिलिंडरांची उचल घटल्यामुळे झालेली बचत होती १,७६४ कोटी. शिवाय बंद केलेली प्रत्येक जोडणी वर्षाला बारा सिलिंडर घेतच होती, असे धरून हिशेब केला होता. ग्राहकाची देशातील सरासरी मात्र सुमारे सव्वासहा सिलिंडरची होती. सरांनी हेच केले असते. उत्तराखाली रेघ मारण्याआधी त्यांनी विचारले असते, ही बारा कुठून आली?

अशीच तपासणी उज्ज्वला योजनेची झाली. मे २०१६ मध्ये बलियाहून सुरू झालेल्या या योजनेने गरीब घरांतील स्त्रियांच्या नावे जोडण्या दिल्या. आठ कोटींचे उद्दिष्ट ७ सप्टेंबर २०१९ रोजी, आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या औरंगाबादेत झालेल्या समारंभात पुरे झाले. एवढ्या अवधीत एवढ्या घरांत शेगडी पोहोचविणे हे सामान्य काम नव्हे, आणि धुराने ज्यांचे डोळे गेले त्या पिढ्या आठवल्या तर त्याचे मोल कळते. परंतु डिसेंबर २०१९ मध्ये संसदेपुढे आलेल्या अहवालात महालेखापरीक्षकांनी जोडण्यांच्या संख्येखेरीज दुसरा आकडा पाहिला. मार्च २०१८ पर्यंत ज्यांच्या जोडणीला वर्ष झाले होते अशा १ कोटी ९३ लाख घरांनी वर्षाला सरासरी ३.६६ सिलिंडर घेतले होते. डिसेंबर २०१८ पर्यंतच्या ३ कोटी १८ लाख घरांचा हिशेब केला तेव्हा सरासरी ३.२१ वर आली. म्हणजे शेगडी घरात होती, पण चूल विझली नव्हती. त्याचे एक कारण योजनेच्या रचनेतच होते. शेगडी आणि पहिला सिलिंडर कर्जाऊ घेणाऱ्या बाईला मिळावयाची मदत ते कर्ज फिटेपर्यंत कापून घेतली जाई. म्हणजे सर्वांत गरीब ग्राहक सुरुवातीस पुरा बाजारभाव देत होती. दुसरीकडे १ लाख ९८ हजार लाभार्थ्यांच्या नावे वर्षाला सरासरी बाराहून अधिक सिलिंडर उचलले गेल्याचेही त्याच अहवालात आहे. स्वयंपाकघर तेवढे खात नाही. ते सिलिंडर उपाहारगृहांकडे किंवा अन्यत्र जात असावेत, अशी शंका येते. पुढे मदत वाढली तसा वापरही वाढला : २०२२ मध्ये उज्ज्वलाच्या ग्राहकांना सिलिंडरमागे २०० रुपये आणि २०२३ मध्ये ३०० रुपये मिळू लागले, आणि २०२४-२५ मध्ये त्यांची सरासरी सुमारे साडेचार सिलिंडरवर गेली. किमतीचा आणि चुलीचा संबंध याहून स्पष्ट कसा दाखवावा?

आता मी ज्या गोष्टीपाशी थोडा अधिक थांबणार आहे ती सर्वसाधारण ग्राहकाची, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांची. गॅसवरील अर्थसहाय्याचे सरकारने संसदेत दिलेले आकडे असे आहेत : २०१८-१९ मध्ये ३७,२०९ कोटी, २०१९-२० मध्ये २४,१७२ कोटी, २०२०-२१ मध्ये ११,८९६ कोटी, आणि २०२१-२२ मध्ये २४२ कोटी. सदतीस हजारांवरून दोनशे बेचाळीस! २०२० च्या उन्हाळ्यात जागतिक भाव कोसळला तेव्हा मदतीची गरजच उरली नव्हती. त्यानंतर भाव चढत गेला. दिल्लीत मे २०२० मध्ये ५८१ रुपयांना मिळणारा सिलिंडर जुलै २०२२ मध्ये १०५३ रुपयांचा झाला. परंतु मदत परत आली नाही. माझ्या शेजारच्या एका वृद्ध बाई दर महिन्यास पासबुक भरून आणीत आणि ती नोंद शोधीत. खाते चुकले असेल, आधार जोडले गेले नसेल, असे त्यांना वाटे. मीही प्रथम तसेच समजलो. जून २०२० पासून सर्वसाधारण ग्राहकाला मदत दिली जात नाही, असे पेट्रोलियम सचिवांनी पत्रकारांना स्पष्ट सांगितले ते जून २०२२ मध्ये, दोन वर्षांनी.

यात बेकायदेशीर काही नव्हते, आणि मला खटकते ते नेमके हेच. लोकसभा मंजूर करते ती खर्चाची कमाल मर्यादा. तेवढा खर्च करावाच असे बंधन ती घालीत नाही. सिलिंडरमागे किती मदत द्यावयाची हा दर प्रशासन ठरविते. त्यामुळे कोट्यवधी घरांच्या मासिक खर्चात काही शेकड्यांचा फरक पाडणारा निर्णय विधेयकावाचून, ठरावावाचून आणि मतदानावाचून होऊ शकला. मदत बंद करणे कदाचित योग्यही असेल. सधन घराला मदत का द्यावी, असे विचारणारे अर्थतज्ज्ञ आहेत आणि त्यांचे म्हणणे मला पटते. परंतु तो निर्णय आहे, हे सांगितले गेले पाहिजे होते.

त्याच काळात अंतर पुन्हा जुन्या जागी परतले. जून २०२० ते जून २०२२ या काळात जागतिक भाव सुमारे ३०० टक्के वाढला आणि घरगुती सिलिंडर ७२ टक्के, असे सरकारनेच सांगितले. मधला फरक तेल कंपन्यांच्या वह्यांत साचला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने त्यापोटी कंपन्यांना २२ हजार कोटींचे एकवेळचे अनुदान मंजूर केले. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये सिलिंडर २०० रुपयांनी आणि मार्च २०२४ मध्ये १०० रुपयांनी उतरविला गेला, एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपयांनी वाढला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कंपन्यांना ३० हजार कोटींची भरपाई बारा हप्त्यांत देण्याचे ठरले. रोख्यांपेक्षा हे बरे, कारण पैसा एकत्रित निधीतून जातो आणि कधीतरी लोकलेखा समितीपुढे येऊ शकतो. परंतु किंमत आधी ठरते, तूट मागून साचते आणि संसदेसमोर येते ती झालेल्या गोष्टीची पावती.

कोणी म्हणेल, इंधनाची किंमत ही अशी सभा भरवून ठरवावयाची गोष्ट नव्हे. विजेच्या बाबतीत तेच म्हटले जात होते. १९९८ च्या कायद्याने राज्य वीज नियामक आयोगांचा मार्ग खुला झाला. गुजरातचा आयोग त्याच वर्षी आणि महाराष्ट्राचा १९९९ मध्ये स्थापन झाला. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे वीज कंपनीला दरवाढीचा प्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या हरकती विचारात घेऊनच आयोगाला निर्णय द्यावा लागतो. पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेने, विशेषतः गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाच्या करारातील आकडे सामान्य माणसाला समजतील अशा रीतीने मांडले आणि पुढे अशा सुनावण्यांत वर्षानुवर्षे अभ्यासपूर्ण हरकती घेतल्या. त्या कायद्याचे कलम ६५ तर मला फार आवडते. राज्य सरकारला एखाद्या वर्गाला स्वस्त वीज द्यावयाची असेल तर त्याने भरपाईची रक्कम आगाऊ दिली पाहिजे. न दिल्यास त्या सवलतीचा आदेश लागूच होत नाही. हे कलम सर्वत्र काटेकोरपणे पाळले जाते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण नियम तरी आहे. सिलिंडरला तोही नाही.

आपल्या नळाच्या गॅसलाही नाही, हे येथे सांगितले पाहिजे. २००६ च्या कायद्याने पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ निर्माण झाले. ते कोणत्या शहरात कोणी जाळे टाकावे याची परवानगी देते आणि नळवाहिनीच्या वहनदराकडे पाहते. परंतु ग्राहकाकडून घ्यावयाची कमाल किंमत ठरविण्याचा अधिकार मंडळाला नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिल्लीच्या एका गॅस कंपनीच्या प्रकरणात दिला. एप्रिल २०२३ पासून देशातील जुन्या क्षेत्रांतून निघणाऱ्या वायूचा भाव भारतीय कच्च्या तेलाच्या किमतीच्या दहा टक्के धरावा आणि त्यास खालून व वरून मर्यादा घालाव्यात असे ठरले, त्याने घरगुती ग्राहकाला थोडा आधार मिळाला. मात्र विजेच्या बिलावर हरकत घेण्यासाठी जशी सुनावणीची तारीख मिळते, तशी गॅसच्या बिलासाठी मिळत नाही.

व्याख्यानानंतर नेहमी विचारले जाते की हे सारे वाचावयास कुठे मिळते. सिलिंडरच्या आणि पेट्रोल-डिझेलच्या किमतीची फोड पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्ष प्रसिद्ध करतो. हा कक्ष पूल खाते मिटले त्याच दिवशी सुरू झाला. अर्थसंकल्पात पेट्रोलियम मंत्रालयाच्या मागणीखाली गॅसच्या मदतीची ओळ असते. तिच्यातील अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे तीन वर्षांच्या पुस्तकांतून काढून शेजारी लिहावेत. स्थायी समितीचा त्या मागण्यांवरील अहवाल आणि त्यावर सरकारने काय केले याचा पुढचा अहवाल, दोन्ही खुले असतात. महालेखापरीक्षकांचे अहवाल संसदेपुढे आले की कोणासही वाचता येतात. दहावीच्या चार मुलांनी एका सुट्टीत हे काम करावे, अशी माझी शाळेला विनंती आहे. तीस हजार कोटींच्या बारा हप्त्यांपासून सुरुवात करता येईल : प्रत्येक हप्ता कोणत्या महिन्यात निघाला, कोणत्या कंपनीला किती मिळाला, आणि तो कोणत्या खात्यातून उचलला.